एकाच नकाशाची पाच वाचने

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. साक्री तालुक्यातील एका गावात पाणलोटाचे काम चालू आहे. कृषी, महसूल, वन आणि जलसंधारण ही चार खाती, एक स्वयंसेवी संस्था आणि गावकरी असे सगळे एकाच शिवार नकाशाभोवती बसतात. बैठक खेळीमेळीत पार पडते, सगळे माना डोलावतात, आणि आठ दिवसांनी लक्षात येते की प्रत्येकाने त्या नकाशातून निराळेच काहीतरी नेलेले आहे. म्हणून आपण विचारता की, पुढचे काम हाती घेण्यापूर्वी नकाशावरील प्रत्येक खुणेचा सर्वांना मान्य असा एकच अर्थ ठरवून घ्यावा काय.

धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत वीसेक वर्षे पाणलोटाच्या आणि गावपातळीवरील पाणी नियोजनाच्या बैठका घडवून आणण्याचे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, थोडे अपवाद सोडता तसे करू नये. अपवाद कोणते ते पुढे सांगतो. एकाच खुणेतून पाच जणांना पाच उपयोगी गोष्टी मिळत असतील, तर तो नकाशा आपले काम चोख करतो आहे. आपली अडचण मला दुसरीकडे दिसते. नकाशा बैठकीतून उठून प्रत्येकाच्या टेबलावर जातो, तिथे त्याच्यात भर पडते, आणि ती भर घेऊन तो पुन्हा सगळ्यांसमोर येत नाही. जाणे आहे, पण येणे नाही.

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातील एक दुपार सांगतो. मारुतीच्या पारासमोर ताडपत्री अंथरून तिच्यावर गावाचा नकाशा काढणे चालले होते. छापील नकाशा सोबत होता, पण तो मुद्दाम गुंडाळून ठेवला होता. नाले निळीने, रस्ते चुन्याने आणि वस्त्या विटांच्या तुकड्यांनी दाखवल्या गेल्या. "या नकाशामा मन्ही हीर कोठे शे?" असे एका आजीने विचारले, आणि कोणी उत्तर देण्याच्या आत स्वतःच एक चिंचोका उचलून आपल्या विहिरीच्या जागी ठेवून दिला. त्यानंतर चिंचोके ठेवायला बायकांची रीघ लागली. इतका वेळ काठीवर हनुवटी टेकून बाजूला उभा असलेला एक ठेलारी मेंढपाळ पुढे आला आणि त्याने चुन्याची चिमूट घेऊन पश्चिमेकडून पूर्वेकडे, तीन नाले आडवे कापत, एक सरळ रेघ ओढली. ही काळ्या दगडाची रांग आहे, असे त्याने सांगितले. तिच्या वरच्या अंगाला गवत उशिरापर्यंत ओले राहते म्हणून तो मेंढरे त्या बाजूने नेत असे.

आमच्याबरोबर भूजल खात्यातून निवृत्त झालेले एक भूवैज्ञानिक होते. ती रेघ पाहताच ते खुर्ची सोडून ताडपत्रीवर मांडी घालून बसले, कारण मेंढपाळाने काढलेली रेघ म्हणजे डाइक होती. लाव्हाच्या थरांना पडलेल्या उभ्या भेगांमध्ये खालून शिरून थिजलेला खडक म्हणजे डाइक. धुळे-नंदुरबारच्या बेसाल्टमध्ये अशा उभ्या भिंती फार दाट आहेत आणि त्या बहुतांशी पूर्व-पश्चिम धावतात, त्यामुळे उत्तरेकडे वाहणाऱ्या नाल्यांना त्या जमिनीखाली आडव्या येतात. खडक घट्ट असेल तर तो भूजल अडवतो आणि वरच्या अंगाच्या विहिरी जास्त काळ पाणी देतात. तोच खडक भेगाळलेला असेल तर पाणी अडवण्याऐवजी वाहून नेतो. म्हणून डाइक दिसला की पाणी सापडले असे समजण्याची घाई करू नये, हे ते आम्हांला त्याच वेळी बजावून सांगत होते.

त्या एका रेघेचे पुढे काय झाले ते महत्त्वाचे आहे. भूवैज्ञानिकांसाठी ती खडकाची दिशा होती. जलसंधारणाच्या अभियंत्याला तीत बंधाऱ्याची जागा दिसली, कारण रांग ओलांडताना नाला चिंचोळा होत होता. तलाठ्याने सांगितले की दोन गटांची सामाईक हद्द काही अंतर त्याच रांगेवरून जाते आणि तिथे जुना वाद आहे. वनरक्षकाला ती वनहद्दीच्या दगडांजवळून जाणारी, गुरे आत शिरण्याची वाट वाटली. बायकांसाठी मात्र त्या रेघेचा अर्थ होता रांगेच्या वरचा झिरा, ज्यातून गावचा हातपंप आटल्यावरही चैत्रापर्यंत वाटीवाटीने पाणी मिळत असे. या पाच जणांनी एकमेकांचा अर्थ स्वीकारला नाही, आणि तशी कोणाला गरजही वाटली नाही. रेघ कुठे आहे एवढ्यावर एकमत झाले आणि काम पुढे सरकले.

अभियंता ती रेघ आपल्या वहीत घेऊन गेला. त्याने नाल्याचे आडवे छेद घेतले, पातळ्या काढल्या आणि बंधारा रांगेला अगदी लागून धरला. तिथे भिंतीची लांबी सर्वांत कमी येत होती, पायाला खडक होता, आणि अंदाजपत्रकाच्या दृष्टीने त्याचे म्हणणे निर्दोष होते. सुदैवाने आमच्याकडे एक शिरस्ता होता की, अंदाजपत्रक वर पाठवण्यापूर्वी जागेची खूण पुन्हा त्याच ताडपत्रीवर करायची. खूण झाली, पाण्याचा फुगवटा कुठवर येईल ते निळीने दाखवले गेले, आणि झिऱ्याचा चिंचोका त्या निळीत बुडाला. पहिल्या दोन पावसांतच झिरा गाळाने भरून गेला असता. शेवटी बंधारा झिऱ्याच्या वर सरकवला. भिंत लांब झाली, खर्च वाढला, आणि अभियंत्याला आपल्या वरिष्ठांना दोन पानी खुलासा द्यावा लागला. परंतु आता बंधाऱ्यातून पाझरणारे पाणी झिऱ्याकडे येत होते आणि खाली डाइक ते धरून ठेवत होता. ही जागा अभियंता, भूवैज्ञानिक किंवा बायका यांपैकी कोणालाही एकट्याने सुचली नसती.

अशा वस्तूंचा अभ्यास समाजशास्त्रात झालेला आहे आणि तो आपल्या उपयोगाचा आहे. सुसान ली स्टार आणि जेम्स ग्रीसेमर यांनी 1989 मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथील पृष्ठवंशीय प्राण्यांच्या संग्रहालयाविषयी एक शोधनिबंध लिहिला. हे संग्रहालय 1908 मध्ये अ‍ॅनी अलेक्झांडर या धनिक आणि हौशी संग्राहक बाईंच्या पुढाकाराने व पैशाने उभे राहिले, आणि जोसेफ ग्रिनेल हे प्राणिशास्त्रज्ञ त्याचे पहिले संचालक होते. 1939 मध्ये निधन होईपर्यंत ते त्या पदावर राहिले. ग्रिनेल यांना परिसर आणि प्राण्यांची उत्क्रांती यांचा संबंध तपासायचा होता. अलेक्झांडर बाईंना आपल्या राज्यातील नाहीसे होत चाललेले निसर्गवैभव जपून ठेवायचे होते. सापळे लावून प्राणी पकडणाऱ्यांना कातडीचे पैसे हवे होते आणि विद्यापीठाला आपला लौकिक वाढायला हवा होता. या मंडळींचा हेतू एक नव्हता, भाषा एक नव्हती, तरी संग्रह उभा राहिला. स्टार आणि ग्रीसेमर यांच्या मते तो उभा राहिला याचे एक मोठे कारण म्हणजे मधे ठेवलेल्या काही वस्तू: प्राण्यांचे नमुने, टिपणांचे ठरावीक अर्ज, आणि कॅलिफोर्नियाचा नकाशा. नकाशाची बाह्यरेषा सर्वांना सारखी होती. आत हौशी संग्राहक रस्ते आणि मुक्काम भरत, तर शास्त्रज्ञ जीवपट्टे, म्हणजे सारख्या हवामानाचे आणि सारख्या प्राणी-वनस्पतींचे पट्टे, भरत. सापळेवाल्याला शास्त्र शिकवण्याच्या भानगडीत ग्रिनेल पडले नाहीत. कवटी फुटू द्यायची नाही आणि जागा, तारीख, परिसर लिहून द्यायचा, एवढीच त्यांची अट होती.

या वस्तूंना स्टार आणि ग्रीसेमर यांनी 'बाउंडरी ऑब्जेक्ट' असे जे नाव दिले त्याचे मराठी 'सीमावस्तू' असे करता येईल, परंतु मला ते फारसे रुचत नाही, कारण आपल्याकडे सीमा म्हटले की पलीकडे जायला बंदी असा भास होतो. मी माझ्यापुरते 'बांधावरची वस्तू' म्हणतो. बांध दोन्ही शेतांचा असतो. त्याच्यावरचे गवत दोघे कापतात, त्याच्यावरचा निंब दोघांना सावली देतो आणि त्याच्यावरून भांडणही दोघांचेच होते. प्रत्येक जण नांगर त्याला लावून पाहतो, पण बांध नाहीसा व्हावा असे कोणाला वाटत नाही.

पुढे ही कल्पना इतकी लोकप्रिय झाली की ज्याला त्याला बांधावरची वस्तू म्हणू लागले. स्टार यांचे निधन 2010 मध्ये झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी याबद्दल स्पष्ट नाराजी नोंदवली आहे. एका वस्तूचे अनेक अर्थ होतात एवढेच लोकांनी उचलले आणि बाकीचे टाकून दिले, असे त्यांचे म्हणणे होते. अनेक अर्थ तर कोणत्याही वस्तूचे होतात. त्यांना अभिप्रेत असलेली वस्तू एका विशिष्ट कामाच्या मांडणीतून घडते, आणि तिची दोन रूपे असतात. मधे, सर्वांच्या समोर असताना ती ढिली असते. एकेका गटाच्या घरी गेल्यावर तो गट तिला आपल्या कामापुरती घट्ट करून घेतो. एकमत नसतानाही एकत्र काम करणारी माणसे या दोन रूपांमध्ये सतत ये-जा करत राहतात. माझ्या अनुभवाशी जुळणारा भाग हा आहे. ताडपत्रीवरची चुन्याची रेघ ढिली होती, अभियंत्याच्या वहीतील रेघ घट्ट होती, आणि झिरा वाचला तो त्या घट्ट रेघेला पुन्हा ताडपत्रीवर यावे लागले म्हणून.

आपल्या खानदेशात याचे सर्वांत जुने उदाहरण शोधायला बर्कलीला जावे लागत नाही. पांझरा आणि मोसम यांच्या खोऱ्यांत शतकानुशतके चाललेली फड पद्धत हेच ते उदाहरण आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि पाटाखालच्या भिजणाऱ्या जमिनीचे सामान्यतः तीन किंवा चार फड. एका फडात त्या वर्षी एकच पीक, आणि दरवर्षी फेरपालट. प्रत्येक शेतकऱ्याची पट्टी शक्यतो प्रत्येक फडात असल्यामुळे पाणी कमी पडले की एखादा फड कोरडा ठेवला जाई आणि तूट सगळ्यांच्या वाट्याला येई. आता 'फड' या एका शब्दाकडे पाहा. शेतकऱ्यासाठी फड म्हणजे यंदाचे पीक. पाटकऱ्यासाठी फड म्हणजे पाण्याची पाळी कुठून सुरू होऊन कुठे संपते तो क्रम. जागल्यासाठी फड म्हणजे एकत्र राखण करता येईल असा उभ्या पिकाचा सलग तुकडा, कारण वीस मालकांची वीस पिके राखणे एका माणसाला शक्य नसते. पाटबंधाऱ्याच्या अभियंत्यासाठी तो भिजक्षेत्राचा एक गट. फडाची हद्द पिढ्यानपिढ्या तीच राही आणि आत काय पिकवायचे, किती भिजवायचे ते दरवर्षी नव्याने ठरे. हद्द पक्की आणि आतला ऐवज बदलता, ही ती मांडणी.

पुढे विहिरी वाढल्या, वरच्या अंगाला धरणे झाली, ज्याला त्याला आपल्या पट्टीत आपल्या मर्जीचे पीक घेणे शक्य झाले, आणि बऱ्याच बंधाऱ्यांवर फड फक्त नावाला उरला. शब्द तोच राहिला, जमीनही तीच राहिली, परंतु दरवर्षी एकत्र बसून ठरवण्याचे कारणच संपल्यामुळे त्या शब्दाभोवतीची ये-जा थांबली. वस्तू जपून ठेवली म्हणजे सहकार्य टिकेल, असे समजणाऱ्यांनी एखाद्या अशा बंधाऱ्यावर जाऊन यावे.

सातबाऱ्याचे उदाहरण आपल्या रोजच्या परिचयाचे आहे, म्हणून त्यावर फार रेंगाळत नाही. गाव नमुना 7 आणि गाव नमुना 12 यांचा हा एकच कागद. बँक त्यात इतर हक्कांतील बोजा पाहते, विम्याचे काम करणारा पिकाखालील क्षेत्र पाहतो, कापूस खरेदी केंद्रावर पिकाची नोंद पाहतात, भाऊबंद नावे पाहतात आणि वकील फेरफार क्रमांक पाहतो. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद तलाठ्याच्या लेखणीतून शेतकऱ्याच्या मोबाईलमध्ये आली. कागद तोच राहिला, पण त्यात भर घालणारा हात बदलला. अशा बदलाच्या वेळी कागदाच्या रचनेपेक्षा हाताकडे लक्ष ठेवावे. ज्या घरात मोबाईल मुलाकडे आणि मुलगा सुरतेला, त्या घरचे शेत नोंदीत पडीक दिसू शकते.

आता अपवादांकडे येतो. जिथे मोजमाप, पैसा किंवा कायदा यांचा थेट संबंध आहे तिथे अर्थ ढिला ठेवून चालत नाही. गट क्रमांक, मोजणीची तारीख, पातळ्या ज्या खुणेपासून घेतल्या ती खूण, आणि पाण्याचे एकक या चार गोष्टी पहिल्याच बैठकीत पक्क्या करून घ्या. त्यातही एककाचा प्रश्न सर्वांत फसवा असतो. अभियंता टीसीएममध्ये म्हणजे हजार घनमीटरमध्ये बोलतो, कृषी सहाय्यक मिलिमीटरमध्ये बोलतो आणि शेतकरी पाळ्यांमध्ये बोलतो. तिघेही पाण्याबद्दलच बोलत असल्यामुळे कोणाला शंका येत नाही. आम्ही गावाचा पाण्याचा ताळेबंद भिंतीवर रंगवत असू, तेव्हा पहिली दोन वर्षे तो टीसीएममध्ये लिहिला आणि तो कोणी वाचला नाही. रंगाऱ्याचे अक्षर मात्र फार सुरेख होते.

तिसऱ्या वर्षी आम्ही पाळीला मधले एकक केले. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 10 घनमीटर. ओलिताची एक पाळी 50 मिलिमीटरची धरली तर एका हेक्टरला एका पाळीस 500 घनमीटर पाणी लागते, म्हणजे 1 टीसीएम पाण्यात एका हेक्टरच्या दोन पाळ्या होतात. गव्हाला सहा पाळ्या धरल्या तर 100 हेक्टर गव्हाला 300 टीसीएम लागतात. हरभऱ्याला दोन पाळ्या धरल्या तर तेवढ्याच क्षेत्राला 100 टीसीएम पुरतात. हा हिशोब भिंतीवर आल्यावर चर्चेचा सूरच बदलला, कारण दिवाळीनंतर विहिरींत शिल्लक असलेले पाणी किती हेक्टर गव्हाचे आहे आणि किती हेक्टर हरभऱ्याचे, हे पारावर बसून कोणालाही मांडता येऊ लागले. अभियंत्याचे टीसीएम कुठेही गेले नाहीत. ते त्याच्या अहवालात राहिले, कृषी सहाय्यकाचे मिलिमीटर त्याच्या तक्त्यात राहिले, आणि भिंतीवर पाळ्या राहिल्या. पाळी 50 मिलिमीटरचीच असते असे नाही. हलक्या जमिनीत, तुषार सिंचनावर किंवा मोकाट पाणी देताना ती बदलते, आणि एक आजोबा दरवर्षी हीच हरकत घेत. मधल्या एककाने इतपत ढिले राहायला हरकत नाही. रूपांतराचा दर मात्र भिंतीवरच, सगळ्यांना दिसेल असा लिहिलेला असावा.

फसलेली दोन कामे सांगितल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. एका प्रकल्पात आम्ही उपग्रहाच्या चित्रांवरून फार देखणा नकाशा करून घेतला. उतार, माती, जमिनीचा वापर, भूजल असे एकावर एक थर, प्रत्येक थराला वेगळा रंग. तो मोठ्या आकारात छापून, प्लॅस्टिकचे आवरण चढवून ग्रामपंचायतीत लावला. पुढच्या दोन वर्षांत त्याच्यावर एकही खूण झाली नाही. गावकऱ्यांना तो सरकारी वाटला, अधिकाऱ्यांना तो पूर्ण झालेला वाटला, आणि पूर्ण झालेल्या वस्तूत भर घालायला कोणी धजावत नाही. ज्या थरात मेंढपाळाची रेघ बसेल असा थरच त्यात नव्हता, आणि असता तरी त्या चकचकीत आवरणावर चुना टिकला नसता. त्या कामाचे नियोजन करणाऱ्यांत मी स्वतः होतो, त्यामुळे दोष दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

दुसरा अनुभव अधिक बोचणारा आहे. एका योजनेत सर्व खात्यांनी मिळून लाभार्थी नोंदणीचा एकच अर्ज वापरायचे ठरवले. कल्पना चांगली होती, अर्जही सुटसुटीत होता, परंतु त्यातील 'शेतकरी' या रकान्याला गट क्रमांक लिहिणे सक्तीचे होते. गावातील बरीच कुटुंबे वाट्याने शेती करणारी होती. काही भिल्ल आणि कोकणा कुटुंबे वर्षानुवर्षे वनजमीन कसत होती आणि 2006 च्या वनहक्क कायद्याखालचे त्यांचे दावे अजून निकाली निघाले नव्हते. यांच्यापैकी कोणाकडे सातबारा नव्हता. शेतावर राबणाऱ्या बहुतेक बायकांचे नावही सातबाऱ्यावर नव्हते. हे सगळे 'इतर' या रकान्यात गेले, आणि पुढे प्रत्येक खात्याने आपापली यादी काढताना 'इतर' वगळले. कोणीही मुद्दाम अन्याय केला नव्हता. सर्वांनी मान्य केलेल्या एका व्याख्येने तो केला. आपण सुचवता तशी प्रत्येक खुणेची एकच व्याख्या आधी ठरवण्याला माझा विरोध आहे, त्याच्या मुळाशी हा अर्ज आहे. व्याख्या ठरवण्याच्या खोलीत जे नसतात ते व्याख्येतही नसतात. तेव्हापासून कोणताही सामाईक अर्ज हातात आला की मी प्रथम 'इतर' हा रकाना पाहतो. तो भरू लागला की अर्ज पुन्हा बैठकीत आणायचा, असे आता मी आधीच लिहून घेतो.

आपल्या गावापुरते सांगायचे तर मधला नकाशा शक्य तितका उघडा ठेवा. गावाची हद्द, नाले, रस्ते, वस्त्या, पिण्याच्या पाण्याच्या जागा आणि सर्वांना ठाऊक असलेल्या दगडांच्या रांगा एवढे त्यावर पुरे. गट क्रमांक, वनविभागाचे कक्ष, उताराच्या टक्केवाऱ्या, मातीची खोली हे ज्याचे त्याने आपल्या प्रतीवर भरावे. अधिकारी मंडळी सुरुवातीला कुरकुरतात, कारण रिकामा नकाशा त्यांना अपुरा वाटतो आणि वरिष्ठांना दाखवायला संकोच होतो. दाखवण्यासाठी त्यांचा घट्ट नकाशा त्यांच्याकडे असतोच, हे त्यांना शांतपणे सांगावे.

नकाशा परत येण्याच्या वेळा मात्र आधीच ठरवाव्यात, आणि त्या कामाच्या टप्प्यांना बांधाव्यात. अंदाजपत्रक वर जाण्यापूर्वी एकदा, कार्यारंभ आदेश निघण्यापूर्वी एकदा, आणि पहिला मोठा पाऊस होऊन नाले वाहू लागल्यावर एकदा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी असे ठरवले तर ती हजेरीची बैठक होते आणि नकाशा भिंतीला टांगलेलाच राहतो. प्रत्येक वेळी झालेला बदल, तो करणाऱ्याचे खाते किंवा वस्ती, आणि तारीख कडेला लिहावी. हे शिस्तीसाठी नाही. पुढे वाद झाला की कोणाच्या सांगण्यावरून रेघ हलली ते कळावे, एवढ्यासाठी.

खडू कोणाच्या हातात आहे, याकडे फार बारकाईने पाहा. आमच्या अनुभवात अभियंत्याने खडू उचलला की गावकरी बोलणे थांबवतात, आणि सरपंचाने उचलला की एका वस्तीपुरतेच बोलतात. म्हणून शक्य तेवढ्या गोष्टी चिंचोके, खडे, काड्या अशा उचलून ठेवण्यासारख्या असाव्यात. चिंचोका ठेवायला लिहिता येण्याची गरज नसते आणि चुकला तर उचलून घेता येतो. साक्री तालुक्यातीलच बारीपाडा या गावात वनभाजी महोत्सव भरतो, तिथेही मला हेच जाणवले. बाई रानभाजी रांधून ताटात मांडते आणि तिचे गावातले नाव सांगते. वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक त्याच ताटापुढे शास्त्रीय नाव टिपतो. वनखात्याचा माणूस ती भाजी कोणत्या भागातून आली ते विचारतो, आणि खाणारा चव घेऊन पुढे जातो. ताट बाईने मांडलेले असल्यामुळे बोलण्याची सुरुवात तिच्यापासून होते.

आणखी एक माणूस आपल्याला शोधावा लागेल, जो दोन-तीन गटांच्या भाषा बोलतो. कधी तो स्थानिक वनरक्षक असतो, कधी रोजगार सेवक, तर कधी माहेर आणि सासर दोन्ही त्याच खोऱ्यात असलेली बचत गटाची अध्यक्षा. कक्ष क्रमांक आणि झिरा हे दोन्ही शब्द सहज उच्चारणारी व्यक्ती नसेल, तर नकाशा कितीही चांगला असला तरी मुका राहतो. ही जबाबदारी संस्थेच्या कार्यकर्त्याने कायमची स्वतःकडे घेऊ नये, कारण प्रकल्प संपला की तो जातो आणि नकाशाबरोबर तो समजावून सांगणाराही जातो.

पुढच्या बैठकीला छापील नकाशा गुंडाळूनच न्या आणि ताडपत्री आधी अंथरा. आपल्या पत्रावरून असे दिसते की बंधाऱ्यांच्या जागा येत्या महिन्यात ठरणार आहेत. त्यामुळे जलसंधारणाच्या अभियंत्याकडे अंदाजपत्रके मागण्यापूर्वी त्याच्या हातात झिऱ्यांची यादी द्या. ती यादी बैठकीत बनवू नका. सकाळी बायका पाणी भरत असताना नाल्यात त्यांच्याबरोबर फिरून घ्या, आणि कोणता झिरा कोणत्या महिन्यापर्यंत पुरतो तेही प्रत्येक झिऱ्याच्या पुढे लिहून घ्या.